पहिलवान पडल्यावर

"अगं, पडला! पहिलवान पडला!"

माझ्या प्रदक्षिणा चालू होत्या. तुळशीभोवती रोज अकरा, आणि त्या संपेपर्यंत मौन. लेस्टरच्या थंडीत तुळस बाहेर जगत नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात स्टुलावर असे. एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला कपडे धुवायचं मशीन, त्यामुळे मला अंग चोरून फिरावं लागे. त्यात आमचे हे, ट्रान्झिस्टर छातीशी धरून, वाटेतच उभे.

"ऐकलंस का? कंपाला पडलं! पहिलवान पळाला म्हणे. अगं, बोल की काहीतरी!"

मी सहा बोटं दाखवली.

"सहा काय? सहा वाजता पळाला?"

मी तुळशीकडे बोट केलं. सहा प्रदक्षिणा राहिल्या होत्या.

"साडेसहा वर्षं वाट पाहिली, आणि ह्या बाईच्या सहा फेऱ्या संपत नाहीत," असं म्हणत हे खुर्चीत बसले आणि माझं होईपर्यंत साखरेच्या डब्याकडे टक लावून राहिले.

मी तुळशीला नमस्कार केला आणि म्हटलं, "आज हनुमान जयंती. पहिलवानाला दुसरं कोण पाडणार?"

"ते असू दे. चहात साखर घालशील का?"

"संध्याकाळी. गाठ सोडल्यावर."

युगांडाच्या त्या लष्करी राज्यकर्त्याचं नाव आम्ही कुणी घेत नसू. तो तरुणपणी मुष्टियुद्ध खेळायचा, म्हणून तो पहिलवान. त्याचं नाव घेतलं की चहा बेचव लागतो, असं ह्यांचं म्हणणं. चहा तसाही बेचवच होता, कारण १९७२ साली पहिलवानानं आम्हां सगळ्या हिंदी लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर व्हायला सांगितलं, तेव्हा तो जाईपर्यंत चहात साखर घेणार नाही असा ह्यांनी नेम केला होता.

नेम सगळ्यांनीच केले होते. इंग्लंडात उतरल्यावर आम्हांला सफकमधल्या एका जुन्या लष्करी छावणीत ठेवलं होतं. तिथे पत्र्याच्या खोलीत, वाफाळणाऱ्या किटलीभोवती आम्ही पाच माणसं बसलो आणि हातावर पाणी सोडून एकेक गोष्ट सोडली. रेगे मूळचे कारवारचे, कंपालात औषधाच्या दुकानात होते. त्यांनी मासे सोडले. रेगेवहिनींनी मटोके सोडली. उकडलेल्या हिरव्या केळ्यांचा तो लगदा त्यांना कंपालातही कधी घशाखाली उतरला नव्हता, पण देवाला हे माहीत नसावं अशी त्यांची समजूत होती. मी माझ्या लाल खणाच्या तुकड्यात प्रत्येकाच्या नावाची एकेक सुपारी ज्याच्या त्याच्या हातानं बांधून घेतली. पाच सुपाऱ्या, पाच गाठी. तो तुकडा तेव्हापासून माझ्या देव्हाऱ्यात होता.

नेम करायला सोपे असतात. दुसऱ्याच महिन्यात रेगे माझ्याकडे आले.

"वहिनी, एक शंका आहे. डब्यातला मासा हा मासा धरायचा की डबा?"

"मासा."

"आणि इथले लोक त्याला सँडविचमध्ये घालतात, तेव्हा तो पाव होत नाही?"

"नाही हो."

असल्या शंकांना मी कधी सूट दिली नाही. त्यामुळे नेमधर्मात कुमुदवहिनी म्हणतील ते शेवटचं, असं आपोआप ठरून गेलं होतं. मी हळू आवाजात बोलते, त्यामुळे लोकांना ते पोथीतलं वाटतं.

सर्वांत अवघड नेम मोघेभाऊंचा होता. दिगंबर मोघे हे कंपालाच्या रेल्वे कचेरीत मोठे कारकून होते आणि पत्नी तिथेच वारल्यामुळे एकुलत्या मुलीला, वैजूला, घेऊन आले होते. पाणी सोडताना ते म्हणाले, "तो जाईपर्यंत वैजूचं लग्न करणार नाही. तो गेल्यावर माझ्या कंपालाच्या घरात मांडव घालीन आणि मुलगाही तिकडचाच करीन." वैजू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही विचारलं. सुपारी मात्र मीच पुढे केली.

तर त्या हनुमान जयंतीला, हे बसवर कंडक्टरच्या कामाला गेल्यावर, वैजू आली. इस्पितळातली रात्रपाळी संपवून नर्सच्या कपड्यातच आली होती.

"काकू, आज गाठ सुटणार ना बाबांची?"

"सगळ्यांचीच सुटेल. का गं?"

ती स्टुलाच्या कडेला टेकली, तुळशीला धक्का लागला, परत उठली. "हरीश जूनमध्ये कॅनडाला चाललाय. मामाच्या दुकानात. त्याची आई म्हणते, एकटा पाठवणार नाही. वैजू नसेल तर ठक्करांची हंसा आहे."

हरीश पोपट मला माहीत होता. युगांडातल्याच जिंजा गावचा मुलगा, तोही आमच्याचसारखा नव्वद दिवसांत निघालेला. इथे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा.

"बाबांना सांगितलंस?"

"टीव्ही दुरुस्त करायला येतो तो मुलगा चांगला आहे, एवढं सांगितलंय."

"मग?"

"म्हणाले, कामाला कच्चा आहे. दर रविवारी तोच टीव्ही दुरुस्त करतो."

"आणि तो टीव्ही दर रविवारीच का गं बिघडतो?"

वैजूनं नखं बघितली. "शनिवारी मी मागची एक तार सोडवते."

"अगं, शॉक बसेल!"

"म्हणून तर म्हणते काकू, लग्न लवकर व्हायला हवं."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मोघेभाऊ त्या टीव्हीविषयी मला विचारायला तिथे नव्हते, हे माझं नशीब. विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी सगळे जमले. मी देवापुढे समई लावली, लाल तुकडा पाटावर ठेवला. ह्यांनी साखरेचा डबा आधीच आणून शेजारी ठेवला होता. रेगेवहिनी नटून आल्या होत्या आणि रेगे मात्र तोंड पाडून बसले होते.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काय व्हायचं? साडेसहा वर्षं थांबलो आणि मेला पडला तो गुरुवारी! त्यात हनुमान जयंती. आज मासा घरात येणार नाही म्हणते ही."

"उद्या खा की," हे म्हणाले.

"उद्या गुड फ्रायडे, बाजार बंद."

"परवा?"

"शनिवार. मारुतीचा वार," रेगेवहिनी म्हणाल्या. "रविवारी ईस्टर, परत बंद. सोमवार शंकराचा."

"म्हणजे पहिलवान होता तेव्हा मला निदान आशा तरी होती," रेगे म्हणाले.

मोघेभाऊ हसले नाहीत. ते भिंतीशी ताठ बसले होते, इस्त्रीचा कोट घालून. कोटाच्या आत, सदऱ्याच्या आत, जानव्याला कंपालाच्या घराची किल्ली बांधलेली असे. ती ते आंघोळीलाही सोडत नसत. वैजू आत स्वयंपाकघरात कपबशा मांडत होती.

"नवा अध्यक्ष प्राध्यापक आहे," मोघेभाऊ म्हणाले. "रेडिओवर ऐकलं मी."

"प्राध्यापक?" ह्यांनी हात झाडले. "मग तासभर बोलेल आणि गृहपाठ देईल. मी तिथे पंधरा वर्षं शाळेत शिकवलंय, मला सांगू नका."

"सबनीस, थट्टा नको. शिकलेला, सभ्य माणूस आहे. तोही आपल्यासारखाच देशाबाहेर राहिलेला, लंडनला. घर सोडणं म्हणजे काय ते त्याला कळतं. सहा महिन्यांत आपल्याला बोलावणं येईल, लिहून ठेवा."

"बोलावून करणार काय? बसवर कंडक्टर?"

"जे होतो तेच होऊ!" मोघेभाऊंचा आवाज चढला. "तुम्हांला इथे गोड लागत असेल, मला नाही लागत."

"मला कसं गोड लागेल? साडेसहा वर्षं साखर नाही."

मी म्हटलं, "चला, गाठी सोडू या."

ह्यांनी आपली गाठ दातांनी सोडली, मी नको नको म्हणत असताना. रेग्यांनी सोडली आणि सुपारी खिशात टाकली, मंगळवारपर्यंत आठवण राहावी म्हणून. रेगेवहिनींनी नमस्कार करून सोडली आणि आता तरी मटोके खायची वेळ येऊ नये असं म्हणाल्या. माझी गाठ मी दुपारीच सोडली होती. राहिली मोघेभाऊंची.

"माझी राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे म्हणजे?"

"वैजूचा मांडव कंपालाच्या घरात घालीन असं म्हटलं होतं मी. तो गेला, आता घर मिळेल. मिळालं की तिथे जाऊन सोडीन. सहा महिने, फार तर वर्ष. इतकं थांबलो, आणखी थोडं."

आत एक चमचा फरशीवर पडला. नंतर काहीच आवाज आला नाही. चमचा उचलल्याचासुद्धा नाही.

इथे माझ्या नेमाचं सांगायला हवं. छावणीत मी काय सोडलं ते मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याजवळ सोडण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटलं नसावं. झालं होतं असं, की कंपालाहून विमानतळाकडे जाताना शिपायांनी आमची मोटार पाचदा अडवली. पाचव्या वेळी एका पोरसवदा शिपायानं मला विचारलं, सोनं आहे का? माझ्या पाटल्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत तळाशी होत्या आणि बरणी माझ्या मांडीवर होती. मी त्याच्याकडे बघून इतकं गोड हसले आणि इतक्या सहज नाही म्हटलं, की त्यानं मला सलाम केला. विमानात बसल्यावर मला त्या सलामाची लाज वाटू लागली. म्हणून छावणीत मी खोटं बोलणं सोडलं. पहिलवान जाईपर्यंत.

फार जड गेलं ते. रेगेवहिनींनी कशिद्याचा स्वेटर घालून विचारलं, कसा दिसतो? मी खरं सांगितलं. त्या महिनाभर आल्या नाहीत. पण मी पाळलं. आणि त्या गुरुवारी दुपारी, पहिलवान गेल्याची बातमी तीनदा ऐकून खात्री करून घेतल्यावर, मी माझी गाठ सोडली होती.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमची इच्छा. राहू दे हवी तर. पण सव्वा महिन्याच्या आत सोडायला हवी."

"का?"

"नेम फळाला आल्यावर सव्वा महिन्यात उद्यापन झालं नाही, तर तो पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. जितकी वर्षं झाली तितकी."

माझ्या कानात समईच्या वातीचासुद्धा आवाज येत होता.

"साडेसहा?" मोघेभाऊ म्हणाले.

"साडेसहा."

"वैजू तोवर..."

"बत्तीस पुरी होऊन तेहतिसावं लागेल."

"हे असं असतं?" त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं.

"वहिनी म्हणतात म्हणजे असणारच," रेगे तळमळून म्हणाले. "अहो, ह्या बाईनं मला डब्यातला मासा सोडला नाही! खोटं बोलल्यात का कधी?"

हे माझ्याकडे बघत होते. संसार केलेला माणूस. त्यांनी चहात चौथा चमचा साखर घातली आणि ढवळत राहिले.

"सव्वा महिन्यात मी कंपालाला पोचणार कसा?" मोघेभाऊ म्हणाले. "विमानं बंद आहेत. रस्त्यांवर फौजा आहेत."

"घर इथे आणायचं."

"घर?"

"आपण पूजेला सुपारीचा गणपती मांडतो ना, भाऊ? सुपारीत देव मावतो, तर किल्लीत तुमचं घर मावणार नाही? कलशावर किल्ली ठेवायची, तिच्या साक्षीनं लग्न लावायचं. म्हणजे मांडव तुमच्या घरातच पडला."

त्यांचा हात छातीवर गेला. सदऱ्यावरून त्यांनी किल्ली चाचपली. मग म्हणाले, "आणि मुलगा? मी तिकडचाच करीन म्हटलं होतं."

"इथे सगळे तिकडचेच तर आहेत."

एवढ्यावर थांबायचं, पुढचं हळूहळू, असं मी ठरवत होते. पण रेगेवहिनींच्या पोटात काही राहत नाही. "अहो भाऊ, तो तुमचा टीव्हीवाला हरीश जिंजाचाच की!"

"पोपटांचा?" मोघेभाऊ उसळले. "तो? अहो, त्याला एक टीव्ही धड दुरुस्त करता येत नाही!"

"येतो, बाबा," स्वयंपाकघराच्या दारातून वैजू म्हणाली. तिच्या हातात चमचा होता. "मीच बिघडवते."

मोघेभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. आधी कळलं नाही, मग कळलं, मग बहुतेक एकेक रविवार मागे जाऊन मोजला असावा.

"दर आठवड्याला?"

"दिवाळीचा एक सोडून."

"माझ्या बातम्या जायच्या."

"माहीत आहे, बाबा."

ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हांला हे माहीत होतं?"

"नाही हो," मी म्हटलं. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा फार सोपं जातं. दुसऱ्या दिवशी मी अकराऐवजी एकवीस प्रदक्षिणा घातल्या, पण त्यात पश्चात्ताप किती आणि आनंद किती हे देवानंच ठरवावं.

मोघेभाऊंनी त्या संध्याकाळी गाठ सोडली नाही. आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी हरीशला बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, जिंजाच्या स्टेशनात गाडी शिरते तेव्हा धबधबा कुठल्या हाताला? हरीशनं काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण निघताना तो माझ्याकडे पेढे देऊन गेला.

मधल्या काळात इंग्लंडातही राज्य बदललं, एक बाई पंतप्रधान झाली. त्याची आमच्यात कुणी फारशी चौकशी केली नाही.

सव्वा महिन्याच्या आत, मे महिन्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये लग्न झालं. मोघेभाऊंनी जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. ती अंगाच्या उबेनं कोमट होती. मी तांदळावर कलश मांडला, वर किल्ली ठेवली, हळदकुंकू वाहिलं. पोपटांचे भटजी खाली वाकून बघू लागले. "ये कौन से देव हैं?"

"ओल्ड कंपाला," हे म्हणाले, "फणसाच्या झाडाजवळचं घर."

भटजी गोंधळले. पण हरीशचे वडील पुढे आले, किल्लीला हात जोडले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःची किल्ली काढली. जिंजाच्या घराची. विचारलं, "हीसुद्धा ठेवली तर चालेल, बहेन?" मी होकार दिला. मग ठक्कर उठले. मग मागच्या खुर्च्यांवरून कोण कोण उठलं. कुणाच्या गळ्यातून, कुणाच्या पर्समधून, एका म्हातारीच्या तर कनवटीतून निघाली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कलशाभोवती तांदळावर अकरा किल्ल्या होत्या. पहिल्यांदाच मोघेभाऊ रडले. रेगे नाही रडले. जेवणात मासा नाही हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वैजू आणि हरीश कॅनडाला गेले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी माझं सगळं आटोपल्यावर, दारावरची घंटा वाजली. मोघेभाऊ होते.

"प्राध्यापक गेला," ते म्हणाले. "अडुसष्ट दिवस. त्यांच्यातल्यांनीच काढला."

"ऐकलं. हे म्हणाले, पहिली सहामाहीसुद्धा पुरी झाली नाही."

मला वाटलं रागावतील. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि खिशातून एक पत्र काढलं. निळं, पातळ, घड्या झिजलेलं. आजचं नव्हतं ते.

"मुसोकेचं. आमच्या कचेरीत शिपाई होता. लग्नाच्या आधी आलं हे."

"आधी?"

"आठ दिवस आधी. घर उभं आहे म्हणतो. फणसाला यंदा खूप फणस धरलेत. आत एक बिऱ्हाड राहतं. नवरा-बायको, तीन मुलं. धाकटं आमच्या देवघरात निजतं, तिथे जरा गार असतं ना." त्यांनी पत्र उलटलं. "मुसोके लिहितो, साहेब, तुम्ही फक्त या. मी ह्यांना बाहेर काढतो."

मी खुर्ची पुढे केली.

"वहिनी, मी त्यांना किती दिवस देऊ? नव्वद?"

बाहेर दूधवाल्याची गाडी बाटल्या वाजवत गेली. त्यांनी पत्र तसंच हातात धरलं होतं.

"पण रोज लोक विचारतात," ते म्हणाले. "पोपट विचारतात, रेगे विचारतात. मोघे, कधी निघता? साडेसहा वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलो, जाणार, जाणार. आता कुठल्या तोंडानं सांगू की जायचं नाही?" मग त्यांनी घसा साफ केला आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघत म्हटलं, "असा काही नियम असेल ना? नेमाच्या बाबतीत तुम्हांला सगळं ठाऊक असतं."

मी पदर सारखा केला. माझा आवाज नेहमीइतकाच हळू होता.

"आहे की. एकुलत्या एक मुलीचं कन्यादान केलं की बापानं बारा वर्षं समुद्र ओलांडायचा नसतो."

"बारा?"

"बारा."

त्यांनी विचार केला. "मग वैजूकडे? कॅनडाला?"

"मुलीकडे चालतं. त्याला अपवाद आहे."

"असं." त्यांनी पत्राची घडी घातली, ती कोटाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. ते खुर्चीत बसले, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत रेग्यांसारखा खट्याळपणा दिसला.

"हा नियम त्या सव्वा महिन्याच्याच पोथीत आहे का हो?"

"त्याच पोथीत. पुढच्याच पानावर."

"छान पोथी आहे," मोघेभाऊ म्हणाले. "जपून ठेवा. रेग्यांच्या हाती लागू देऊ नका."